कांद्याचा पासपोर्ट

तुमची आणि त्याची ओळख आहे हे मला ठाऊक आहे. पोह्यांत भेटला असेल. भाकरीशेजारी बुक्कीनं फुटताना पाहिला असेल. कांदेनवमीला त्याची भजी खाऊन पुढे चातुर्मासभर त्याचं नाव न काढणारी एखादी आत्या तुमच्याही घरात असेल. पण ही झाली त्याची घरातली वागणूक. हा गृहस्थ बाहेर काय करतो, कुणाकुणाशी त्याचे संबंध आहेत, दिल्लीत त्याच्या नावानं कसल्या बैठका होतात, हे घरच्यांना कुठे माहीत असतं? म्हणून आज तुम्हाला थेट त्याच्या गावी घेऊन आलो.

गाव लासलगाव, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. इथली बाजार समिती १९४७ सालची, म्हणजे स्वतंत्र देशाच्याच वयाची. ती स्वतःला आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणवते आणि आजवर कुणी इथे येऊन हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. कांदा इथे क्विंटलमध्ये नंतर मोजतात, आधी ‘नगां’त. ‘आवक आठशे नग’ म्हटलं की बाहेरगावचा माणूस चकतो; आठशे नग म्हणजे आठशे ट्रॅक्टर आणि पिकअप.

लिलाव बघण्यासारखा असतो. ट्रॉलीचा फाळका पाडला की पुढचे कांदे घरंगळत खाली येतात. व्यापारी त्यातला एक उचलून मानेत अंगठा दाबतो. मान घट्ट, तर माल टिकाऊ. मग पत्ती बघतो. पत्ती म्हणजे वरचं साल. ते सुटलेलं असेल तर कांदा उघडावाघडा दिसतो आणि परदेशी जायच्या लायकीचा राहत नाही. काजळी धरलीय का, जोडकांदा किती, फुलदांडा आलेले डेंगळे किती, वर मोठा माल दाखवून खाली बारीक गोल्टी दडवलीय का, हे सगळं अर्ध्या मिनिटात. मुलगी बघायला आलेली मंडळीही इतकी चिकित्सा करत नसत. ट्रॅक्टरच्या सीटवरून शेतकरी त्या अंगठ्याकडे बघत असतो. बोली चढते, अडते, त्याच्या हातात सौदापट्टी पडते आणि ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्याकडे वळते.

स्वभाव म्हणाल तर ताठ. शेतात पात वर करून उभा असतो. पीक तयार झालं की पात मऊ पडून आडवी होते, त्याला ‘मान पडली’ म्हणतात. नम्रतेचा त्याच्या आयुष्यातला हा एकुलता एक प्रसंग, आणि त्यानंतर लगेच त्याला उपटतात.

भाऊ तिघे. पावसाळ्यातला लाल कांदा घाईचा. आला की विकावा लागतो, थांबायला सांगितलं तर नासतो. रांगडा मधला, त्यामुळे कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही. थोरला तो उन्हाळ कांदा. देशाच्या एकूण पिकात साधारण दोन तृतीयांश वाटा याचा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत जाऊन बसतो. चाळ म्हणजे हवा खेळावी म्हणून फटी ठेवून बांधलेली लांबट खोली. तिथे हे महाशय पाच-सहा महिने पडून असतात, आणि दिवाळीच्या तोंडावर लाल भाऊ यायला उशीर झाला की सगळा देश यांच्या चाळीकडे डोळे लावून बसतो. तोवर यांचा बराच भाग सडून, कोंब फुटून आणि वाळून गेलेला असतो. उरलेला भलताच भाव खातो.

त्याला स्वतःच्या वजनाचा गर्व आहे, आणि वजन तर काहीच नाही. २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार होता ०.६४ टक्के. बटाट्याचा याहून जास्त होता. पण बटाट्याला घाबरून कुणा मंत्र्याची झोप उडाल्याचं ऐकलंय? १९८० ची निवडणूक इंदिरा गांधींनी महागड्या कांद्याला हाताशी धरून लढवली. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेत भाजपची सत्ता गेली. ऐनवेळी मुख्यमंत्रिपदावर आणलेल्या सुषमा स्वराज यांनाही कांद्यानं रडवलं. तेव्हापासून दिल्लीतल्या कुठल्याही सरकारला दोन गोष्टींची धास्ती असते. एक, कांदा महाग होण्याची. दुसरी, कांदा स्वस्त होण्याची. पण ती थोडी उशिरा लागते.

या धास्तीपायीच त्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ नसतो. तो असतो दिल्लीत, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या टेबलावर. तसा हा फिरस्ता. ढाका, कोलंबो, दुबई, क्वालालंपूर इथे त्याची कायमची गिऱ्हाइकं. २०२२-२३ या एका वर्षात पंचवीस लाख टन परदेशी गेला. पण दर दोन-तीन वर्षांनी त्याला घरात कोंडतात. कोंडण्याचे प्रकार तीन. किमान निर्यात मूल्य, म्हणजे अमुक डॉलरच्या खाली विकायचा नाही. दार उघडं पण उंबरा कमरेएवढा. मग निर्यात शुल्क. आणि शेवटी सरळ बंदी. २०२३-२४ मध्ये त्यानं तिन्ही भोगले. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क. ऑक्टोबर सरता सरता टनाला ८०० डॉलरचा उंबरा. ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ पासून बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के या दोन्ही बेड्या पायात ठेवूनच. सप्टेंबरमध्ये डॉलरची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. माहेरी निघालेल्या सुनेलाही एके काळी इतक्या अटी नसत.

अधिसूचनेला एक वाईट सवय आहे. ती कामाच्या वेळी येत नाही. २०१९ ची बंदी रविवारी आली, घटस्थापनेच्या दिवशी. ४० टक्के शुल्क शनिवारी संध्याकाळी. डिसेंबरची बंदी रात्रीची. शेतकरी झोपलेला, कंटेनर न्हावा शेवाच्या वाटेवर, आणि सकाळी उठून बघावं तर कालचा निर्यातक्षम माल आज नुसताच माल. लिलाव बंद पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये शुल्कावरून बोंबाबोंब झाली तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपानच्या दौऱ्यावर होते. तिथूनच दिल्लीला फोन झाले आणि केंद्र २४१० रुपये क्विंटलनं दोन लाख टन खरेदी करील, असं त्यांनी जाहीर केलं. निफाडच्या कांद्याचा भाव जपानहून कळायचा, एवढा हा जागतिक झाला आहे.

आता त्याच्या मैत्रीविषयी. सर्वात जुनी आणि सर्वात कुरबुरीची मैत्री ढाक्याशी.

४ ऑक्टोबर २०१९. बंदीला पाच दिवस झालेले. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत दोन्ही देशांच्या उद्योजकांपुढे बोलत होत्या. बोलता बोलता त्या हिंदीत शिरल्या आणि हसत हसत म्हणाल्या की, तुम्ही कांदा का बंद केलात ठाऊक नाही, आमची मात्र जरा पंचाईत झाली. मी तर आचाऱ्याला सांगून टाकलं, आता कांद्याशिवाय रांध. सगळं सभागृह हसलं. मग त्यांनी एवढंच मागितलं की पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर जरा आधी कळवत जा. बंद करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत, हे लक्षात घ्या. स्वतः घर चालवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरातली ओढाताण कळते. पुढच्या महिन्यात त्यांच्या देशात कांदा किलोला अडीचशे टक्यांपर्यंत गेला आणि विमानानं आणावा लागला.

जवळजवळ एका वर्षानं काय झालं? दुर्गापूजेसाठी बांगलादेशनं आपली २०१२ पासूनची हिल्सा निर्यातबंदी तात्पुरती सैल केली होती. १४ सप्टेंबर २०२० ला सीमेवरच्या बेनापोलवरून हिल्साची पहिली खेप पश्चिम बंगालात आली. त्याच दिवशी आपण कांदा बंद केला. शेजारीण सणाचं ताट घेऊन दारात यावी आणि आपण आतून कडी लावावी, तसं. सीमेच्या आपल्या बाजूला, पेट्रापोलपाशी, ट्रक उभेच्या उभे राहिले. ढाक्यानं पत्र लिहून गेल्या वर्षीच्या बोलण्याची आठवण करून दिली. मग अडकलेल्या मालासाठी पंचवीस हजार टनांची सवलत निघाली, पण तोवर त्यातल्या काहीला ट्रकमध्येच पाणी सुटलं होतं. आणखी गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, लोकसभेनं जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. कांदा-बटाट्यावरचं सरकारी नियंत्रण सैल करून शेतमालाला मोकळं करायचं, असा तिचा उद्देश सांगितला होता. सोमवारी कोंडलेल्याला मंगळवारी स्वातंत्र्य जाहीर झालं. पुढे शेती कायद्यांबरोबर ती दुरुस्तीही मागे गेली, ते वेगळं.

ढाकाही काही भोळं नाही. स्वतःच्या शेतकऱ्याचा कांदा निघाला की तिकडून आयात परवाने थांबतात. २०२३ च्या मार्चमध्ये थांबवले, भाव चढले तसे जूनमध्ये पुन्हा सुरू केले. ऑगस्टमध्ये आपण शुल्क लावलं. दोन्ही घरांतल्या कर्त्यांचं एकच दुखणं: घरातला स्वयंपाकही चालला पाहिजे, शेतातलाही जगला पाहिजे, आणि शेजाऱ्याशीही वाकडं यायला नको. तिन्ही एका वेळी जमत नाहीत.

बंदीच्या काळात मैत्रीचं रेशनकार्ड निघतं. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. दारं बंद असली तरी मित्रदेशाच्या सरकारनं विनंती केली तर ठरावीक टन सोडायची सोय असते. २०२४ च्या पूर्वार्धात अशी यादीच लागली होती: बांगलादेशला ५०,००० टन, अमिरातींना १४,४०० आणि पुढे आणखी, श्रीलंकेला १०,०००, बहारीनला ३०००, मॉरिशसला १२००, भूतानला ५५०. सहा देश मिळून ९९,१५० टन. कोण किती जवळचा हे परराष्ट्र खात्याच्या पत्रकात शोधण्यापेक्षा या यादीत चांगलं सापडतं. आणि हा माल पाठवणारी एक नवी सहकारी निर्यात संस्था. लासलगावच्या वर्षानुवर्षांच्या निर्यातदारांनी खळ्यावर बसून बघायचं. त्यातच गुजरातेतल्या पांढऱ्या कांद्याचे २००० टन वेगळे सोडल्याची बातमी आली. ती निफाडला कशी वाचली गेली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याची एक चुलत बहीण आहे, बंगळूर रोझ. चिक्कबळ्ळापूर, कोलारकडची. लहानखुरी, गुलाबी, तिखट. तिला देशात फारसं कुणी खात नाही. तिचा सगळा संसार मलेशिया, सिंगापूर, श्रीलंकेत. तिला घरात कोंडून दिल्लीच्या गृहिणीला दमडीचा फायदा नाही. तरी लाट आली की तीही कांदा म्हणून पकडली जाते, मग कर्नाटकातले शेतकरी दिल्लीला खेटे घालतात आणि काही आठवड्यांनी तिच्यापुरती सूट निघते. दर वेळी.

मत्सर त्याला एकाच गोष्टीचा, आंब्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावात विकिरण केंद्र उभारलं ते मुख्यतः याच्यासाठी. गॅमा किरणांचा हलका डोस दिला की चाळीत कोंब फुटत नाही. पण २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश दिल्लीत आले, अणुकराराबरोबर आंब्याचीही बोलणी झाली, आणि २००७ मध्ये अमेरिकेला निघालेला पहिला हापूस किरणं घ्यायला कुठे गेला? लासलगावला. याच्या अंगणात उभं राहून, याच्यासाठी आणलेल्या यंत्रातून निघून तो थेट अमेरिकेला गेला. हा शेजारच्या चाळीत दिल्लीच्या परवानगीची वाट बघत बसला. आंबा महाग झाला म्हणून कुणी सरकार बदलत नाही. त्याला परदेशी पाठवायला छाती लागत नाही.

कोंडून ठेवलं की हा वेषांतरही करतो. बंदीच्या काळात टोमॅटोच्या नावानं दुबईला निघालेल्या कंटेनरांत कस्टमवाल्यांना पुढे टोमॅटो आणि मागे हा सापडला आहे.

आणि उलट बाजू, म्हणजे घरात कमी पडला तेव्हा बाहेरून आणलेले याचे नातेवाईक. २०१९ च्या अखेरीस इजिप्त आणि तुर्कस्तानातून कांदा मागवला. एका कांद्यात चार माणसांची भाजी व्हावी असा थोराड, रंगानं काळसर, आणि चवीला बेताचा. तो बोटीतून उतरेपर्यंत इथला लाल बाजारात आला, राज्यांनी आधी नोंदवलेली मागणी मागे घेतली. १८ हजार टन आला आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत जेमतेम दोन हजार टन खपला, असं खुद्द तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी सांगितलं. पाहुणे बंदरावरच मऊ पडले.

दिल्लीची बाजू मी नाकारत नाही. स्वतःच्या माणसांच्या ताटातलं आधी बघायचं, यात चूक काय? खुद्द जागतिक व्यापाराच्या करारात, गॅटच्या अकराव्या कलमात, निर्यातीवर बंदी नको असं सांगून लगेच पुढे मुभा दिली आहे: अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती घाला. शब्द दोन, ‘गंभीर’ आणि ‘तात्पुरती’. किलोमागे वीस रुपये वाढले की टंचाई गंभीर होते का? आणि निवडणूक होईपर्यंत म्हणजे तात्पुरती का? माझं विचाराल तर बंदीपेक्षा तिचं रात्रीतून येणं वाईट. गिऱ्हाईक ‘नाही’ ऐकून घेतं, पण माल वाटेत असताना ऐकलेलं विसरत नाही. आपलं दार लागलं की कोलंबो आणि दुबईच्या बाजारात पाकिस्तानी आणि चिनी कांदा मांडला जातो, आणि आपण दार उघडल्यावर तो सगळाच्या सगळा उठून जात नाही.

शिवाय या अन्नसुरक्षेचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, तेही बघा. शहरातलं ताट स्वस्त राहतं ते चाळीतल्या माणसाच्या पैशानं. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं साडेसातशे किलो कांदा विकला, हाती आले १०६४ रुपये. त्यानं ते तसेच पंतप्रधानांना मनिऑर्डर केले. मनिऑर्डरचे ५४ रुपये पदरचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलोंची हमाली, तोलाई, भाडं वजा जाता पट्टी निघाली दोन रुपयांची, आणि तीही पुढच्या तारखेच्या चेकनं. तेव्हा निर्यात खुली होती, हेही सांगायला हवं. मंदीला बंदीच लागते असं नाही. पण मंदीत ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला तेजीत मात्र सगळे अडवायला येतात, हे शेतकऱ्याच्या डोक्यातून जात नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघात केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, तेव्हा कांदा भोवला हे सत्ताधाऱ्यांनीही कबूल केलं. या खेपेला त्यानं गिऱ्हाइकाच्या नव्हे, शेतकऱ्याच्या हातून मत टाकलं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लासलगावहून दिल्लीला ४२ डब्यांची मालगाडी सुटली, १६०० टन कांद्याची. नाव कांदा एक्सप्रेस. सरकारी साठ्यातला माल, दिवाळीआधी दिल्लीकरांना ३५ रुपये किलोनं विकायला. पासपोर्ट काढून घेतलेल्या माणसाला राजधानीची सहल घडवली म्हणा. तो खूश होता की नाही कळायला मार्ग नाही. ताठच होता.

तर ओळख झाली. एकदा प्रत्यक्ष जाऊन याच. एप्रिल-मे बरा, उन्हाळ चाळीत चढत असतो आणि चहा पाजून बोलायला लोकांना जरा सवड असते. फक्त निघायच्या आदल्या रात्री झोपण्यापूर्वी बातम्या ऐका, आणि तो शनिवार-रविवार असेल तर दोनदा ऐका. अधिसूचना निघाली असेल तर दुसऱ्या दिवशी लिलाव बंद असतात.